एका माणसापुरतं

स्वयंपाक शिकवणारे जगात कमी नाहीत, पण सगळे चार माणसांचा शिकवतात. कुठलंही पुस्तक उघडा, पहिली ओळ तीच: साहित्य, चार जणांसाठी. आई गेली त्या वर्षी ही ओळ वाचली की माझं डोकं फिरायचं. चार जण आणायचे कुठून? नाशकात सातपूरच्या दोन खोल्यांत मी एकटा होतो, चाळिशीला टेकलेला, बिनलग्नाचा. आधी पत्रिका जुळेना, मग आईचं आजारपण आडवं आलं, आणि शेवटी कारखानाच बंद पडला तेव्हा लग्नाचा विषय आपोआप संपला. नातेवाईक सुटले, मीही सुटलो.

आईचा कुकर पाच लिटरचा होता. त्यात एका माणसाचं वरण शिजत नाही, डाळ तळाला चिकटून बसते. म्हणून मी जास्त लावायचो आणि मग तेच वरण तीन दिवस खायचो. पहिल्या दिवशी वरण, दुसऱ्या दिवशी आमटी, तिसऱ्या दिवशी त्यातच कणकेची फळं सोडायची. तिसऱ्या दिवशी ताटावर बसलं की अक्षरशः रडू यायचं. आईसाठी यायचं की वरणासाठी, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

कारखान्यात मी इन्स्पेक्शनला होतो. मापात बसतं ते पास, बसत नाही ते बाजूला, एवढंच काम बरीच वर्षं केलेलं. हाताला काम नव्हतं, सवय होती. मी चहाचा कप हे माप धरलं आणि एकेक पदार्थ एका माणसात बसवायला घेतला. मुठीचं माप उपयोगाचं नाही, मूठ ज्याची त्याची. खिचडीला अर्धा कप तांदूळ, पाव कप मूगडाळ. भात-भाजी जमून जातं, खरी गोची फोडणीत आहे. मोठ्या कढईत चमचाभर तेल टाकलं तर ते पसरून जातं, मोहरी तडतडायच्या आत हिंग जळतो. लोखंडी पळीत फोडणी करायची हे मला चार वेळा घर धुरानं भरल्यावर सुचलं. शेजारच्या काकू दार वाजवून विचारत्या झाल्या, सगळं बरंय ना? त्यांना वाटलं असेल, एकटा माणूस, काही बरंवाईट करून घेतो की काय.

माझ्याबरोबर कामाला असलेला एक जण चाकणला नोकरीला लागला होता आणि तिथे खोली करून राहत होता. त्याची ईमेल आली की मेसचं खाऊन पोट बिघडलंय, तू काय करतोस? मी त्याला इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून खिचडी पाठवली. त्यानं ती खोलीतल्या पोरांना दाखवली, पोरांनी आपापल्या मित्रांना ढकलली, आणि महिन्याभरात मला अनोळखी माणसांच्या मेल यायला लागल्या. काका, पोहे. सर, अंडाकरी. एकानं नुसतं लिहिलं होतं, पोळीचं काय? पोळीचं मी त्याला लिहिलं की बाबा, भाकरी शीक, ती वाकडी झाली तरी लोक नावं ठेवत नाहीत.

मग मी दर गुरुवारी सगळ्यांना एकच मेल पाठवायला लागलो. नाव दिलं 'एका माणसापुरतं'. कॉलेज रोडला एक सायबर कॅफे होता, तिथे पडदे लावलेल्या खोक्यांत कॉलेजातली जोडपी बसायची आणि मधल्या खोक्यात मी, पिठल्याला पाणी किती ते टाइप करत. कॅफेवाला मला बघून हसायचा. हसू दे, म्हटलं, पैसे मोजून बसतोय.

पहिल्या काही अंकांत मी एक घोळ घातला. सगळ्यांचे पत्ते वरच्याच रकान्यात टाकले, त्यामुळे प्रत्येकाला प्रत्येकाचा पत्ता दिसला. पोह्यात शेंगदाणे घालायचे की नाही यावर कोल्हापूरचा एक आणि नागपूरचा एक असे जुंपले की बाकीच्यांच्या पेट्या भरून गेल्या. मी दोघांना झापलं. पण खरं सांगतो, तो आठवडा मजेत गेला. घरात माणसं भांडतात तसं वाटलं.

पैसे मिळायला लागले ते माझ्या हुशारीनं नाही. भांडीबाजारातल्या एका दुकानदारानं मला शोधत घर गाठलं. जाड, गोरा, बोलायला मिठ्ठास माणूस. म्हणाला, "साहेब, दीड लिटरचा कुकर माझ्याकडे वर्षानुवर्षं धूळ खात पडलेला असायचा. यंदा सगळे संपले. येतात ते पोरगे हातात कागद घेऊन येतात, त्यावर तुमची खिचडी. हे चालवलंय काय तुम्ही?" मी सांगितलं. त्यानं चहा मागितला, प्यायला, आणि व्यवहार ठरवूनच उठला. माझ्या मेलच्या शेवटी त्याच्या दुकानाची एक ओळ, आणि त्याच्याकडच्या प्रत्येक छोट्या कुकरच्या खोक्यात माझ्या पत्त्याची चिठ्ठी. तो महिन्याला ठरलेली रक्कम द्यायचा, आणि चिठ्ठ्यांमुळे वाचक वाढत गेले. पुढे त्याच्याच सांगण्यावरून मी वर्षाची वर्गणी ठेवली. परदेशातल्या पोरांना तिथून पैसे पाठवायची सोय नव्हती, म्हणून त्यांचे वडील इथे नाशकात घरी येऊन वर्गणी द्यायचे. पाच मिनिटांसाठी यायचे आणि तासभर बसायचे. "जेवतो ना हो तो नीट?" असं मला विचारायचे, जसं काही मी रोज त्याच्या ताटाशी बसतोय.

असा माझा घरखर्च निघायला लागला. पण या धंद्यात एक खोट होती, ती दुकानदाराच्या आधी माझ्या लक्षात आली. माझे वाचक लग्न करायचे.

तुळशीचं लग्न लागलं की माझी गळती सुरू. रोज एखादी मेल: काका, आता नाव काढा, येत्या रविवारी लग्न आहे, नक्की या. खाली पत्रिका जोडलेली. मे महिन्यात तर असं व्हायचं की नावं काढता काढता बोटं दुखायची. जूनमध्ये नवी पोरं नोकरीला, शिकायला बाहेर पडली की यादी पुन्हा भरायची. माणसं सुखी झाली की माझं गिऱ्हाईक कमी. मी प्रत्येकाला 'नांदा सौख्यभरे' लिहायचो आणि नाव पुसायचो. पत्रिका इतक्या आल्या, गेलो मात्र एकाही लग्नाला नाही. तिथे जाऊन ओळख काय सांगायची? याला खिचडी मी शिकवली?

दुकानदार म्हणायचा, "अहो, हेच लोक सोडता कशाला? लग्न झालं की दुसरं पत्र सुरू करा. दोघांचा स्वयंपाक. मी तीन लिटरचा कुकर लावतो तिकडे. पैसाच पैसा." मी म्हणायचो, मला दोघांचं माप येत नाही. तो म्हणायचा, त्यात काय, दुप्पट करा. तसं नसतं. मीठ दुप्पट होत नाही, तिखट दुप्पट होत नाही, आणि दोघांतला एक कमी खातो की जास्त हे समोर बसून जेवल्याशिवाय कळत नाही. हे मी त्याला सांगितलं तर त्यानं विषय बदलला.

सगळी गळती होत असताना एक नाव मात्र टिकून होतं. देवळ्याच्या एका बाई. शाळेत शिकवायच्या, शाळेत कॉम्प्युटर आला होता, शनिवारी शाळा लवकर सुटली की त्यावरून मेल करायच्या. त्यांचे प्रश्न बाकीच्यांसारखे नसायचे. 'एकटीसाठी थालीपीठ लावायचं तर पीठ भिजवून किती वेळ ठेवावं?' 'वांगं एकच भाजलं तर भरीत कोरडं होतं का?' 'एकटीनं जेवताना ताट घ्यावं की ताटली?' हा शेवटचा प्रश्न मी कितीदा वाचला असेल. मी कढईतूनच जेवायचो. त्या दिवसापासून ताट घ्यायला लागलो आणि त्यांना लिहिलं, ताट घ्यावं, आणि चटणी-कोशिंबिरीची जागा रिकामी दिसली तरी हरकत नाही.

एकटीसाठी, एकटीनं. त्यांच्या मेलमध्ये दुसऱ्या कुणाचा उल्लेखच नसायचा. एक लग्नसराई गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. दर मे महिन्यात मी पेटी उघडताना नाव काढा म्हणणाऱ्यांत त्यांचं नाव आलंय का ते आधी बघायचो, आणि नसलं की जीव भांड्यात पडायचा. नवरा गेलेला असेल, किंवा माझ्यासारखंच राहून गेलेलं असेल. विचारायचं कसं? बाईमाणसाला असं विचारतात होय?

हळूहळू मी मापं बदलायला लागलो. कुणाला न सांगता. पोह्याला दीड कप, वांगी दोन, खिचडीला पाऊण कप तांदूळ आणि पाव कपाच्या वर थोडी डाळ. दोघांचं करून बघायचं, एकाचं जेवायचं आणि उरलेलं सकाळी खायचं. मिठाचा हिशेब जमायला लागला होता. दुसऱ्या पत्राचे पहिले काही अंक मी मनात लिहूनही ठेवले होते. ते एकट्यानं काढायचं पत्रच नव्हतं. एकानं करायचं, दुसऱ्यानं चाखून सांगायचं. मला बायको हवी होती, हे आता लपवण्यात काय अर्थ? मला समोर बसून जेवणारं माणूस हवं होतं आणि ते देवळ्याला आहे अशी माझी खात्री पटली होती.

वर्गणीची मनीऑर्डर आली की खालच्या कागदावर दोन ओळी लिहायला जागा असते. त्या वर्षी त्यांनी लिहिलं होतं, 'देवळ्याकडे आलात तर घरी जेवायला या.' आता आपल्याकडे हे म्हणायचं असतं, जायचं नसतं. मला कळत नव्हतं का? पण मी तो कागद घेऊन भांडीबाजारात गेलो आणि दुकानदाराला म्हणालो, एक कुकर द्या, भेट द्यायचाय. त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं, दीड लिटरचा काढलेला परत फळीवर ठेवला आणि तीन लिटरचा दिला. पैसे घेतले नाहीत. "या जाऊन," एवढंच म्हणाला.

मी मनीऑर्डरवरच्या पत्त्यावर कार्ड टाकलं की अमुक रविवारी येतो, इस्त्रीचा शर्ट घातला आणि एसटीनं देवळ्याला गेलो. कांदा निघालेला होता, स्टँडपासून सगळीकडे त्याचाच वास. घर विचारलं तर एक माणूस म्हणाला, "त्या तिकडं, कांद्याच्या चाळीमागं. लय मोठं खटलं हाय, चुकायचं नाय."

खटलं. मी तो शब्द ऐकला आणि तरी चालत राहिलो.

अंगणात चार-पाच पोरं, ओट्यावर म्हातारे सासरे, दारात सासूबाई, चाळीपाशी दोन दीर. आणि एक उंच, हसऱ्या तोंडाचा माणूस पुढे येऊन माझा हात धरून म्हणाला, "या या. तुम्हीच ना ते ईमेलवाले? ही सांगत असते. शाळेतून छापून आणते नि वाचत बसते." ते त्यांचे यजमान. माणूस चांगला होता, त्याच्याबद्दल वाईट लिहायला माझ्याकडे काही नाही. आतून त्या आल्या, डोक्यावर पदर, हाताला पीठ. माझ्याच वयाच्या. "आलात, बरं वाटलं," म्हणाल्या आणि परत चुलीकडे गेल्या.

कुकर मी सासूबाईंच्या हातात दिला. पोरांनी तो हिसकून घेतला, या हातातून त्या हातात फिरवला. एक पोरगी म्हणाली, बाहुलीचा कुकर. सगळे हसले. सासूबाई म्हणाल्या, "असू द्या, धाकटीच्या बाळाचा मऊभात व्हईल त्यात." मीही हसलो. कुठेतरी बघायला हवं म्हणून मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिलो.

पुरुषांची पंगत आधी बसली. पाहुणा म्हणून माझा पाट मधोमध. पुरणाच्या पोळ्या, आमटी, कुरडया, तुपाची वाटी. इतक्या माणसांत बसून मी किती वर्षांनी जेवत होतो. त्या वाढायला येत आणि जात, आत तवा एकसारखा चालू. माझी दुसरी पोळी संपली, मी हात आडवा धरला. पण आग्रहापुढे माझं कोण ऐकतंय. यजमान म्हणाले, "एवढ्या लांबून आला, दोन पोळ्यांवर उठता व्हय?" सासरे म्हणाले, वाढ गं. त्या आत गेल्या, जरा उशिरानं आल्या आणि माझ्या ताटात पोळी ठेवली. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. मी खाल्ली. तूप लावून, मिटक्या मारून खाल्ली, कारण सगळे माझ्याकडे बघत होते.

मग पोरं जेवली, सासूबाई आणि बाळंतीण जाऊ जेवल्या. मी ओट्यावर पान खात बसलो होतो. हात धुवायला मागच्या दाराकडे गेलो तेव्हा त्या स्वयंपाकघरात दिसल्या. चुलीपाशी, उकिडव्या. पोळ्यांची दुरडी रिकामी होती, तळाला नुसतं फडकं. त्या सकाळची भाकरी आमटीच्या पातेल्यात पुसून खात होत्या, तेवढ्यात ओट्यावरून कुणीतरी पाणी मागितलं आणि त्या उठल्या. एका माणसाचं जेवण म्हणजे किती, हे मी वर्षानुवर्षं शेकडो लोकांना शिकवलं होतं. या घरातलं ते जेवण नुकतंच माझ्या पोटात गेलं होतं.

निघताना पोरांबरोबर त्या चाळीपर्यंत आल्या. मी विचारलं, "तुम्ही करून बघता ना, मी पाठवतो ते?"

"कधी करणार?" त्या म्हणाल्या. "घर रिकामं असतंय कधी? मी नुसतं वाचते. वाचलं तरी बरं वाटतं. एक वाटी, एक चमचा, आणि दार लावलेलं." मग म्हणाल्या, "आता एखादं गोड द्या पुढच्या वेळी. एकटीसाठी."

एसटीत मला खिडकीची जागा मिळाली. मला राग आला होता आणि तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. त्यांच्यावर काढण्यासारखं त्यांनी काही केलं नव्हतं. ती सगळी माणसं मला कुणी फुकट दिली असती तर मी घेतली असती, पोरांसकट, सासऱ्यासकट. आणि ती बाई माझ्या दोन रिकाम्या खोल्यांसाठी वर्षाची वर्गणी भरत होती. दुसऱ्या पत्राचा विचार मी पिंपळगावच्या अलीकडेच सोडून दिला. दुकानदारानं नंतर काही विचारलं नाही. तो शहाणा माणूस होता.

मी गोड दिलं. एका माणसाचा शिरा, पाव कप रव्याचा. त्यावर त्यांचं उत्तर आलं नाही. पुढची लग्नसराई आली, नावं निघाली, मी पुसत गेलो. त्यांचं नाव जाणार नाही हे आता माहीत होतं, म्हणून मी बघायचं सोडलं होतं.

एप्रिलअखेर एके दिवशी दुपारी कॅफेत पेटी उघडली तर त्यांची मेल होती. लिहिलं होतं:

'काल घरचे सगळे सटाण्याला लग्नाला गेले. मला पेपर तपासायचे होते म्हणून राहिले. दार लावून घेतलं. तुमची मुगाची खिचडी केली, अर्धा कप, पाव कप. पळीत फोडणी दिली. ताट घेतलं. तूप जरा जास्तच घेतलं, कुणी बघायला नव्हतं. बसून, गरम, शेवटपर्यंत खाल्ली. मधे एकदाही उठावं लागलं नाही. लग्नानंतर पहिल्यांदा. तुम्ही रोज असं जेवता. नशीबवान आहात.'

शेजारच्या खोक्यात कुणीतरी हसत होतं. मला हेवा वाटत होता, की त्यांना ती खिचडी इतकी गोड लागली. त्याच मापाची खिचडी मी सकाळी अर्धी टाकून आलो होतो. लिहायला पुष्कळ होतं. लिहिलंही थोडं, आणि पुसलं.

मग लिहिलं, 'हो. खिचडीला तूप जास्तच लागतं.' आणि पाठवून दिलं.